कोऱ्या कोपऱ्यातले गृहस्थ

१

घोटीच्या एका लहानशा दवाखान्यात बसून डॉक्टर आशा यांनी मंगळवारी टीव्हीवरच्या मीटिंगमध्ये नाशिकला एक प्रश्न विचारला. तो त्यांनी विचारला नसता, तर तिथल्या एका कारखान्याच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बहिरूची नोकरी गेली असती आणि वर त्याला चौकीत बसावं लागलं असतं. प्रश्न साधाच होता.

"तुमच्याकडे ते नवे गृहस्थ कोण आलेत? कपाळाला कुंकू लावलेले. काही बोलत नाहीत, नुसते बघत बसतात."

इकडे नाशिकला अंबडच्या कारखान्यातल्या मीटिंगच्या खोलीत दोनच माणसं होती: मालक किशोर आणि मशीन चालवणारी स्नेहल. दोघंही डॉक्टरबाईंनी दाखवलेला छातीचा एक्स-रे पाहत होती. एक्स-रेच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं अशा काळ्या जागेत, एक चौकोन उघडला होता आणि चौकोनात एक चेहरा होता. भरघोस मिशा, जाड काड्यांचा चष्मा, डाव्या भुवईत जुन्या जखमेची खाच. कपाळावर लाल टिळा आणि टिळ्यातून नाकाकडे उतरलेला एक ओघळ.

डॉक्टरबाईंनी त्या माणसाला आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि पाहायची सोयही उरली नव्हती, कारण भुवईत तशी खाच असलेले निवृत्ती गायखे, किशोरचे मित्र आणि कारखान्यातले भागीदार, सव्वा महिन्यापूर्वी हृदयविकाराने वारले होते.

किशोर म्हणे खुर्चीसकट मागे सरकला. स्नेहलने टीव्हीची वायर उपटली. पडदा काळा झाल्यावरही तो चेहरा तिला बराच वेळ दिसत राहिला.

२

ही गोष्ट दोन हजार चार सालची, दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली. माझं नाव सहादू. चाळीस वर्षं मी सिनेमाची मशीन चालवली, आधी तंबूत, मग पक्क्या थेटरात. सायखेड्याच्या जत्रेत माझ्या तंबूत एक नाग तीन दिवस तोच सिनेमा बघायला यायचा आणि मध्यंतराला उठून जायचा. चौथ्या दिवशी दुसरा सिनेमा लावला, तर आला नाही. यात एक अक्षर खोटं असेल तर ते मध्यंतराचं.

त्या थेटरात दारावर तिकिटं फाडायला बहिरू होता. घोटीच्या पुढच्या डोंगरातला, हाडाने काटक, तोंडाने कमी. थेटर बंद पडलं तेव्हा निवृत्तीसाहेबांनी त्याला आपल्या कारखान्यात नेलं आणि सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला लावल्या. कारखाना कसला, पत्र्याची एक शेड, आत प्लायच्या भिंती घालून केलेल्या चार खोल्या. पण तिथे जे मशीन बनत होतं ते भारी होतं.

दोन गावांतली माणसं टीव्हीवर एकमेकांना बघून बोलतात, ते मशीन तेव्हा नवलाचंच होतं. त्यात एक खोट होती. कुणी कागद दाखवला, एक्स-रे दाखवला, की बोलणाऱ्याच्या तोंडाचा चौकोन त्याच्यावरच येऊन बसायचा, कायम खालच्या उजव्या कोपऱ्यात. म्हणजे डॉक्टर फुप्फुसाचा खालचा भाग बघा म्हणतायत आणि त्या फुप्फुसावर डॉक्टरच बसलेत. निवृत्तीसाहेबांना याचा राग यायचा. कुणाच्या घरी गेलं तर मोकळी जागा बघून बसावं, एवढी रीत माणसाला कळते तर मशीनला का कळू नये, असं ते म्हणायचे. दोन वर्षं खपून त्यांनी ती रीत मशीनला शिकवली. मशीन आधी कान देऊन ऐकायचं की बोलतंय कोण. मग कॅमेरा त्या आवाजाकडे वळायचा, तिथला चेहरा शोधायचा, तेवढाच कापून घ्यायचा आणि कागदावरची कोरी जागा हुडकून तिथे ठेवायचा. कागदावरचं एक अक्षर झाकलं जायचं नाही.

मशीन चालत होतं. पण ते का चालतं, हे फक्त साहेबांच्या एका जाड वहीत होतं. आणि ती वही चोरीला गेली.

खंडेनवमीच्या संध्याकाळी किशोर मुंबईहून परतला. मित्राची वही पूजेत ठेवावी म्हणून त्याने आपल्या किल्लीने कपाट उघडलं, तर वहीची जागा रिकामी. कुलूप शाबूत. कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक किशोरच्या खिशात मुंबईला गेलेली आणि दुसरी बहिरूच्या जुडग्यात. तिथल्या तिथे फाटक बंद झालं, पिशव्या झडल्या, खोल्या धुंडाळल्या. वही नाही. तेव्हापासून फाटकावर प्रत्येकाची झडती सुरू होती. किशोरने बहिरूला शनिवारपर्यंत मुदत दिली.

गुरुवारी सकाळी बहिरू माझ्या दारात उभा राहिला.

"अण्णा, मला वाचता येत नाय, मी वही घेऊन काय करू? पण किल्ली माझ्याकडं हाय, जुडगा कमरंवरनं कधी सुटत नाय. शनवारी पोलिसात देत्यात मला." मग म्हणाला, "आन् काल साहेब आले व्हते. मी डोळ्यानं पाह्यले. चहाचा ट्रे सुटला हातातून."

मी त्याला विचारलं की साहेब काही बोलले का. त्याने मान हलवली. "बोलायचं असंल त्यांना. पण त्ये फक्त समदी गप्प झाली का येत्यात."

हे वाक्य मी पानासारखं तोंडात धरून ठेवलं आणि त्याच्याबरोबर निघालो.

३

कारखान्यात शिरलो तेव्हा भर दुपार होती आणि तरी तिथे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. कामगार मीटिंगच्या खोलीच्या बाजूने जायचं टाळत होते. कुणीतरी दाराला लिंबू-मिरची बांधली होती. ज्या माणसाने आयुष्य विजेच्या तारांत घालवलं, त्याच्या खोलीला लिंबू बघून मला वाईट वाटलं.

खोली लांबट होती. उत्तरेच्या भिंतीला मोठा टीव्ही, त्याच्या डोक्यावर कॅमेरा. मध्ये टेबल, टीव्हीकडे तोंड केलेल्या खुर्च्या. खुर्च्यांच्या पाठीमागे दक्षिणेची भिंत, नुसती प्लायची, तिच्यावर निवृत्तीसाहेबांचा मोठा फोटो, झेंडूचा हार घातलेला. मी हात जोडले. काचेवर दाराचा उजेड चमकत होता, त्यातून साहेबांचे डोळे तेवढे माझ्याकडे बघत होते. मग पाठ फिरवून खुर्चीत बसलो आणि मानेवर काहीतरी बसल्यासारखं वाटलं. मी थापा मारतो, पण हे खरं सांगतो.

एकेकाला समोर बोलावलं. किशोरला माझं येणं आवडलं नव्हतं. थेटरातल्या म्हाताऱ्याने चौकशी करावी अशी वेळ आपल्यावर आली का, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण मित्रासाठी म्हणून तो बोलला. तो म्हणाला की मंगळवारी त्याने आधी कुंकू पाहिलंच नाही, ते रक्त वाटलं.

स्नेहल शहाणी मुलगी. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. तिनेही कुंकू सांगितलं, ओघळ सांगितला. मी म्हटलं, पोरी, साहेब कुंकू लावायचे का? तर तिने उलट सांगितलं की साहेबांच्या कपाळावर कुंकवाने पुरळ उठायचं, पाडव्यालासुद्धा ते लावून घ्यायचे नाहीत. चेहऱ्याखाली काय दिसलं, कपडे कोणते होते, असं विचारलं तर ती म्हणाली, मशीन कपडे दाखवतच नाही, हनुवटीखाली कापतं.

मग अमोल आला. हा मशीन विकायचं काम करायचा. बोलघेवडा, हसरा, सगळ्यांच्या पाठीवर हात टाकणारा. आपलं मशीन लासलगावच्या कांद्याच्या व्यापाऱ्यांना विकतो म्हणून आठवड्यातले चार दिवस मोटरसायकलवर. साहेब वही मागायला येतात, ही गोष्ट कारखान्यात पहिल्यांदा त्याच्याच तोंडून फिरली होती. खोल्यांची झडती झाली तेव्हा मागचं धुळीने भरलेलं स्टोअर शोधायचं काम त्यानेच अंगावर घेतलं होतं, असं किशोरने कौतुकाने सांगितलं होतं.

अमोल माझ्याजवळ खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, बुधवारी मी लासलगावहून आलो, दारातून आत पाऊल टाकलं आणि साहेब समोर. तोच चौकड्याचा शर्ट, तेच स्वच्छ कपाळ, तेच हसू. मी तिथूनच मागे पळालो."

काय सांगू तुम्हाला. भुताची गोष्ट कशी सांगावी ते त्या पोराकडून शिकावं. माझ्याही हातावर काटा आला. पण काटा आला तो दुसऱ्याच कारणाने.

मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात जाऊन बहिरूला विचारलं, काल ट्रेमध्ये कप किती होते.

"तीन. किशोरसाहेब, सनेलताई आन् बँकेचे पाव्हणे."

"आणि अमोल?"

"त्ये आम्ही पळालो तव्हा बाहेर बोळीत भेटले. आमच्यासंगं तेबी पळाले."

४

भुताची गोष्ट सांगणाऱ्याने भूत पाहिलेलंच नसेल, तर तो गुन्हा नव्हे. तसं असतं तर मी जन्मठेपेत असतो. तेव्हा मी गप्प राहिलो आणि संध्याकाळी उज्वलावहिनींकडे, म्हणजे साहेबांच्या पत्नीकडे गेलो.

वहिनींनी चहा केला. साहेबांचा चष्मा अजून टेबलावर होता, काड्या दुमडलेल्या. भुताचं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांना भीती वाटत नव्हती, राग येत होता. आपल्याला सोडून तो माणूस कारखान्यात का जातो, याचा राग. तो फोटो त्यांनीच मोठा करून दिला होता. पण त्यांनी तो कारखान्याच्या बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल असा लावला होता. मीटिंगच्या खोलीत कुणी नेला, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

परत येताना मी बहिरूला गाठलं. फोटो त्यानेच हलवला होता. कशाला हलवलास, तर म्हणाला, गेलेल्या माणसाला दक्षिणेची भिंत द्यावी लागते, बाहेर तो पूर्वेला लावलेला, साहेबांना तिथं चैन कसं पडणार. कधी हलवलास?

"खंडेनवमीला. झाडून काढलं, मशीनी पुसल्या, समद्यांची पूजा केली. मशीनला कुंकू, टीव्हीला कुंकू, पान्यांना कुंकू. साहेबांनाबी लावलं, काचेवर. जरा पातळ झालं व्हतं, वघळलं."

मी रस्त्यातच थांबलो. मागून येणारा रिक्षावाला मला काहीबाही बोलला.

"बहिरू, सगळ्या हत्यारांची पूजा केलीस. तुझं हत्यार कोणतं?"

त्याने कमरेच्या जुडग्यावर हात ठेवला.

"तू तर म्हणाला होतास, हा कमरेवरून कधी सुटत नाही."

"सुटत नायच," बहिरू म्हणाला. "सकाळी देवीम्होरं पाटावर ठिवला, सांच्याला आरती झाल्यावर उचलला, मंग किशोरसाहेब आले. पूजेतल्या हत्याराला दिसभर कोण हात लावतंय? देवीपुढं ठिवला त्यो काय कुणाला दिला व्हय?"

म्हणजे आख्खा दिवस किल्ल्या पाटावर उघड्या पडल्या होत्या आणि जगात एका माणसाच्या हिशेबी त्या कुलपातल्या कुलपात होत्या. आता वही कुणीही घेतलेली असू शकत होती. पण फाटक त्याच संध्याकाळी बंद झालं, झडत्या सुरू झाल्या. चोराने वही बाहेर नेलीच नसेल तर?

मी घरी जाऊन अंथरुणावर पडलो. फोटोवरचं कुंकू आणि टीव्हीवरच्या चेहऱ्याचं कुंकू एकच होतं, एवढं कळलं होतं. टीव्हीसमोर बसलेल्यांनी चौकोनात साहेब पाहिले आणि मागे वळून बघायची एकाचीही छाती झाली नाही. वळले असते तर फोटो दिसला असता. पण खरी मेख पुढेच होती. मशीन चेहरा दाखवायचं तो बोलणाऱ्याचा. फोटो बोलत नाही. आणि खोलीत सगळे गप्प होते.

मग मशीनने कुणाला बोलताना ऐकलं?

५

शुक्रवारी दुपारी चारला मी घोटीशी मीटिंग लावायला सांगितली. भूत काढणारा म्हातारा आलाय, अशी बातमी मीच पिकवली आणि मीटिंगच्या खोलीबाहेरच्या बोळीत कुणीही फिरकू नये अशी ताकीद दिली. अमोलने लासलगावला व्यापारी वाट बघतायत म्हणून सकाळीच रजा मागून घेतली. मोटरसायकल फाटकाबाहेर गेल्याची मी खात्री केली. ती पलीकडच्या बंद शेडमागे उभी असल्याचीही केली. मागच्या तारेच्या कुंपणात माणूस वाकून शिरेल एवढं भोक होतं. वही नेऊन कुंपणाबाहेर टाकावी, तर तिथेही किशोरने पहारेकरी बसवला होता. तो पहारेकरी अमोलसाहेबांना आत येताना अडवत नव्हता, फक्त बाहेर जाताना झडती घेत होता, जसं त्याला सांगितलं होतं तसं.

खोलीत किशोर, स्नेहल, उज्वलावहिनी आणि मी. बहिरूला बाहेर बोळीत आडोशाला उभं केलं आणि कानात एक गोष्ट सांगितली.

टीव्हीवर डॉक्टर आशा आल्या. त्यांनी एका हाताचा एक्स-रे दाखवला, हाडं पांढरी, भोवती काळोख. मी सगळ्यांना म्हटलं, आता पाच मिनिटं कुणी हूं की चूं करायचं नाही. काहीही दिसलं तरी खुर्ची सोडायची नाही.

पंख्याचा आवाज होता, तोही मी बंद करायला लावला. एक मिनिट गेलं. दोन गेली. स्नेहलने टेबलाची कड घट्ट धरली होती.

मग टीव्हीवरचा कॅमेरा कण्हल्यासारखा आवाज करत वर वळला. काळोखात, हाताच्या बोटांपासून अदबीने दूर, एक चौकोन उघडला आणि निवृत्तीसाहेब आमच्याकडे बघू लागले. कुंकवाचा ओघळ वाळून काळपट झाला होता. डोळ्यांत काहीतरी हललं. उज्वलावहिनींच्या तोंडून श्वास तेवढा बाहेर पडला.

"हेच ते," घोटीहून डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या.

त्या बोलल्या तशी चौकोनात त्या आल्या. त्या थांबल्या तसे पुन्हा साहेब.

मी उठलो आणि मागे वळलो. तुम्हाला सांगतो, नागाला तिकीट विचारणं सोपं होतं. भिंतीवर फोटो होता. काचेत टीव्हीचा उजेड हलत होता, म्हणून डोळे हलत होते. आणि काच थरथरत होती, अगदी बारीक, झाकणाखाली पाणी उकळत असल्यासारखी. मी खिळ्यावरून फोटो उतरवला, वहिनींच्या मांडीवर दिला आणि बोटाने सगळ्यांना जवळ बोलावलं. किशोरने प्लायला कान लावला. त्याच्या चेहऱ्याचा रंग मी तेव्हा पाहिला.

भिंतीपलीकडे स्टोअर होतं. तिथे कुणीतरी दबक्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, फोनवर वाचून दाखवत होतं.

"पान एक्केचाळीस. लिहून घ्या. आधी कागदाचे लहान चौकोन पाडायचे. ज्या चौकोनात अक्षर नाही तो कोरा धरायचा. पुढे..."

आवाज अमोलचा होता. वही बाहेर नेता येईना, म्हणून तो ती पुण्याच्या कुणा दुसऱ्या कंपनीला रोज पान-पान वाचून विकत होता. मीटिंग सुरू असली की बोळ रिकामी, आणि भुताच्या भीतीने ती आणखी रिकामी. स्टोअरच्या त्याच भिंतीपाशी मोबाइलला रेंज यायची, म्हणून तो तोंड प्लायला लावूनच बसायचा. प्लाय आणि वर टांगलेली मोठी काच मिळून ढोलकीचं चामडं झालं होतं. माणसाच्या कानाला ते ऐकू येत नव्हतं. पण खोलीत सगळे गप्प झाले की मशीनला तेवढाच एक आवाज उरायचा. मशीन तिकडे वळायचं, चेहरा शोधायचं आणि तिथे असलेला एकच चेहरा उचलून आणायचं. आपण ज्याची वही चोरली तोच आपलं प्रत्येक वाक्य उजेडात आणतोय, हे त्या शहाण्याला कळायचा मार्ग नव्हता, कारण तो पडद्यासमोर कधी नव्हताच. म्हणून तर त्याच्या भुताचं कपाळ स्वच्छ होतं आणि अंगात शर्ट होता.

बाहेर कडी वाजली. मग कुलूप वाजलं. मग जुडग्याची किणकिण.

बहिरूचा आवाज आला, शांत. "अमोलसाहेब, आतच बसा. चहा आनू?"

६

वही जुन्या मॉनिटरच्या खोक्यात, थर्मोकोलखाली सापडली. किशोरने ती बहिरूच्या हातात दिली आणि कपाटात ठेवायला सांगितलं. माफी मागायला त्याला जमलं नाही. पण स्वतःच्या खिशातली दुसरी किल्ली काढून त्याने बहिरूच्या जुडग्यात अडकवली. मला वाटतं बहिरूला ते शब्दांपेक्षा जास्त कळलं. कपाट लावून त्याने जुडगा पुन्हा कमरेला लावला.

स्नेहल म्हणाली, मशीनला जिवंत चेहरा आणि फोटो यांतला फरक शिकवायला एक दिवस पुरेल. उज्वलावहिनींनी तिला थांबवलं. म्हणाल्या, एवढं एक मशीन राहू दे असंच. नवीन बनवाल त्यांना शिकवा. फोटो पुन्हा दक्षिणेच्या भिंतीवर गेला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी वहिनींनी मला कारखान्यात बोलावलं. मशीन लावलं होतं, पडद्यावर वहीचं पहिलं पान, साहेबांच्या अक्षरातलं, खाली बरीच जागा कोरी. खोलीत आम्ही दोघंच. बहिरू नव्हता. तो स्टोअरमध्ये जाऊन भिंतीला तोंड लावून बसला होता, हे मला नंतर कळलं. तो अधूनमधून असं करायचा म्हणे, वहिनी आल्या की. काय बोलायचास, असं मी त्याला पुढे विचारलं, तर म्हणाला, काय नाय, किती कप आनू ते इचारतो.

कॅमेरा वळला. पानाच्या कोऱ्या भागात साहेब आले, एकाही अक्षराला धक्का न लावता बसले आणि वहिनींकडे बघू लागले. कपाळावर कुंकू नव्हतं. स्वच्छ कपाळ.

वहिनींनी सकाळी काच पुसली असणार. की हार बदलायला फोटोच उतरवला होता, आणि मघापासून त्यांच्या मांडीवर पदराखाली काहीतरी चौकोनी होतं, ते तेच होतं? भिंत माझ्या पाठीमागे होती. फोटो तिथे आहे की नाही हे बघायला नुसती मान वळवायची होती.

मी वळलो नाही. पडद्याकडे बघत राहिलो.